इंग्रजी वाक्यातील कर्ता ओळखताना मराठीचा आधार

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी लिहिलेल्या एका तपासणी अहवालात 'द क्वालिटी ऑफ द सॅम्पल्स वेअर गुड' असे वाक्य होते. वरिष्ठांनी त्यातील 'वेअर'भोवती लाल वर्तुळ काढले, तेथून एक रेघ मागे ओढत 'क्वालिटी' या शब्दापर्यंत नेली आणि एक अक्षरही न लिहिता कागद माझ्या हाती परत दिला. कर्ता एकवचनी असेल तर क्रियापद एकवचनी आणि कर्ता अनेकवचनी असेल तर क्रियापद अनेकवचनी, हा नियम मला शाळेपासून पाठ होता. तरीही चूक झाली, कारण क्रियापद लिहिताना त्याला अगदी लागून असलेला 'सॅम्पल्स' हा शब्दच मला कर्ता वाटला होता. पुढे इतरांचे इंग्रजी मसुदे तपासण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा नवोदितांची अडचणही बहुधा हीच असते, असे मला दिसून आले. त्यांना नियम येतो, पण कर्ता सापडत नाही.

यावर मला सर्वांत उपयोगी पडलेला उपाय मराठीतच होता. वरचे वाक्य मराठीत 'नमुन्यांची गुणवत्ता चांगली होती' असे होते. येथे 'चांगले होते' असे म्हणावे असे कोणालाही वाटत नाही, कारण 'नमुन्यांची' या शब्दाला षष्ठीचा प्रत्यय लागलेला आहे आणि प्रत्यय लागलेले नाम क्रियापदाला वळवू शकत नाही, हे आपल्या कानाला उपजतच ठाऊक असते. मराठीत जे काम नामामागून येणारा प्रत्यय करतो, तेच इंग्रजीत नामाच्या आधी येणारे 'ऑफ', 'इन', 'विथ' यांसारखे शब्द करतात. म्हणून अशा शब्दानंतर आलेले नाम कितीही जवळ असले, तरी ते कर्ता नव्हे. 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज अ डॉक्टर' म्हणजे 'माझ्या मित्रांपैकी एक जण डॉक्टर आहे'. 'पैकी' लागताच मित्र बाजूला झाले आणि 'एक जण' उरला. 'द टीचर, अलाँग विथ हर स्टुडंट्स, इज वेटिंग' या वाक्यात विद्यार्थी 'सह' या शब्दाने बांधलेले आहेत, म्हणून थांबलेली आहे ती शिक्षिका. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर' आणि 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज' यांचा घोळ तर या पद्धतीने कायमचा मिटतो, कारण पहिल्याचा अर्थ 'अनेक विद्यार्थी आहेत' असा होतो आणि दुसऱ्याचा 'विद्यार्थ्यांची संख्या आहे' असा.

मात्र हे रूपांतर करताना मराठी वाक्य वर्तमानकाळात ठेवावे. 'मुलींनी निबंध लिहिला' या भूतकाळी वाक्यात आपले क्रियापद कर्माप्रमाणे चालते, त्यामुळे कर्ता शोधण्यासाठी ते कामाचे नाही. 'मुली निबंध लिहितात' असे केले की कर्ता लगेच उघड होतो. इंग्रजीतही वचनाचा प्रश्न मुख्यतः वर्तमानकाळातच येतो. भूतकाळात तो 'वॉज' आणि 'वेअर' यांच्यापुरता उरतो, तर 'कॅन', 'विल', 'मस्ट' यांना तो मुळीच नाही.

वर्तमानकाळातील 'एस'बद्दल एवढेच सांगतो की, नामाला लागलेला 'एस' सामान्यतः अनेकवचन दाखवतो आणि क्रियापदाला लागलेला 'एस' तृतीय पुरुषी एकवचन. 'द बॉय प्लेज' आणि 'द बॉइज प्ले' ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावीत. 'ऑर' किंवा 'नॉर'ने जोडलेल्या कर्त्यांत क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालते, हा नियम मराठी कानाला फारसा जड जात नाही.

मराठीचा आधार जेथे दगा देतो, त्या जागा मात्र वेगळ्या लक्षात ठेवाव्या लागतात. आपण 'बाबा आले आहेत' असे आदराने अनेकवचन वापरतो. इंग्रजीत 'फादर हॅज कम' असेच म्हणावे लागते आणि त्यात अनादर नसतो. आदरार्थी 'तुम्ही'शी जुळणारे एकच उदाहरण इंग्रजीत आहे, ते म्हणजे 'यू'. हे सर्वनाम मूळचे अनेकवचनी असल्यामुळे समोर एकच व्यक्ती असली तरी 'आर' घेते. आपली उपकरणे 'येतात', पण 'इक्विपमेंट' नेहमी 'अराइव्हज'. आपले केस 'लांब आहेत', पण 'हर हेअर इज लाँग'. उलट आपली कात्री एकच असली, तरी 'द सिझर्स आर ऑन द टेबल'. 'सगळे आले आहेत' या अर्थाने 'एव्हरीवन' लिहिताना मनात 'प्रत्येक जण' म्हणावे, म्हणजे 'हॅज' आपोआप येते.

'टीम', 'कमिटी' अशा समूहवाचक नामांपुढे अमेरिकी लेखनात बहुधा एकवचनी क्रियापद येते, तर ब्रिटिश लेखनात समूहातील व्यक्ती अभिप्रेत असतील तेव्हा अनेकवचनीही चालते. दोन्ही शुद्ध आहेत, पण एकाच अहवालाच्या पहिल्या पानावर 'द कमिटी हॅज' आणि तिसऱ्या पानावर 'द कमिटी हॅव' असे दिसले, तर मी तो मसुदा लिहिणाऱ्याकडे परत पाठवतो आणि त्या दोन क्रियापदांपासून त्यांच्या कर्त्यांपर्यंत पेन्सिलने रेघ ओढून ठेवतो.