पडद्यावरच्या तिळाचं स्कॅनिंग: निघण्याआधी

डोळ्याच्या पडद्यावरचा काळा डाग दुसऱ्यांदा तपासायला जायचं असेल, तर सगळ्यात आधी जुने फोटो शोधा. रिपोर्ट नव्हे, फोटो. गेल्या वर्षी मी ‘सीएचआरपीई, उजवा डोळा’ असं लिहिलेला कागद तेवढा घेऊन गेले. नवा फोटो स्क्रीनवर आला, पण शेजारी लावायला काहीच नव्हतं. सीएचआरपीई म्हणजे पडद्यातला रंगद्रव्याचा थर जन्मतःच जाड असल्याने दिसणारा डाग, सहसा निरुपद्रवी. तरी काहींचा वर्षानुवर्षांत हळूहळू पसरतो, आणि क्वचित त्यावर गाठ येते. पसरलाय का, हे एकट्या फोटोवरून कुणालाच सांगता येत नाही. मला सहा महिन्यांनी परत बोलावलं. ते सहा महिने मी काळजीत काढले.

म्हणून पहिली तपासणी जिथे झाली तिथे दोन दिवस आधी फोन करा. रंगीत फंडस फोटो (डोळ्याच्या आतल्या मागच्या भागाचा) आणि ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारं प्रकाशाचं स्कॅन), दोन्हींच्या मूळ फाइल्स मागा. साध्या कागदावरची प्रिंट चालत नाही. ओसीटीत काही मायक्रॉनचे थर सुटे दिसतात, प्रिंटमध्ये ते एकमेकांत मिसळतात. माझ्या डागात दोन फिकट खिडक्या आहेत, रंगद्रव्याचा थर तिथे विरळ झालाय. प्रिंटवर त्या दिसतसुद्धा नाहीत.

चष्मा, जुनी फाइल, औषधांची यादी घ्या. काजळ नको, कॉन्टॅक्ट लेन्स नको. काचबिंदू असेल तर बाहुली मोठी करायचे थेंब टाकण्याआधीच सांगा. घरात कुणाला आतड्यात पॉलिप किंवा आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. एकट्या डागाचा त्याच्याशी संबंध नसतो, पण दोन्ही डोळ्यांत बरेच डाग असतील तर असू शकतो.

गाडी घरीच ठेवा. बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो आणि पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर, उन्हाचा त्रास. कर्वे रोडवर दुपारी दुचाकी चालवायचा विचारही करू नका. गॉगल घ्या, मेट्रोने या, सोबत कुणीतरी असू द्या.

डाग कडेला असेल तर डोळा तिरका धरावा लागतो. आधी पापण्या मिटून उघडा, मग स्थिर राहा. जुन्या फोटोतला रक्तवाहिनीचा तोच फाटा चौकटीत घ्या, असं फोटो काढणाऱ्याला सांगा.

आणि जुने फोटो. पिशवीत घातलेत ना? निघताना आजचेही पेन ड्राइव्हवर घ्या, नावात तारीख आणि कोणता डोळा ते लिहून.