सीमेपलीकडच्या आठवणींचा संग्रह विद्यापीठाने कसा उभारावा

दोन-तीन देशांतली विद्यापीठं स्थलांतरितांच्या आठवणी जमवायचं ठरवतात, तेव्हा पहिली खरेदी होते ती रेकॉर्डरची. रेकॉर्डर खरं तर बराच नंतर लागतो. उद्या सरकार बदललं, निधी आटला किंवा न्यायालयाची नोटीस आली, तर या मुलाखतींचं काय करायचं आणि ते कोण ठरवणार, हे आधी ठरलेलं हवं. लोक बोलतात ते विद्यापीठाने दिलेल्या शब्दावर विसंबून. म्हणून पाळता येईल तेवढाच शब्द द्यायचा, आणि तो लेखी द्यायचा.

करार आधी

विद्यापीठांमधला सामंजस्य करार बहुधा दोन पानांचा असतो: परस्पर सहकार्य, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, खाली कुलगुरूंच्या सह्या. या कामाला तो पुरत नाही. त्याला परिशिष्ट जोडा आणि त्यात या गोष्टी नेमक्या लिहा:

- मूळ फायली कुणाकडे राहणार, प्रती कुठल्या देशात असणार आणि तिथे कुठला कायदा लागू होतो.
- एखादी मुलाखत बंद करण्याचा किंवा खुली करण्याचा अधिकार कुणाला. तो कुलगुरू कार्यालयाकडे ठेवू नका. तीन ते पाच जणांची समिती करा आणि त्यात स्थलांतरित समाजातली निदान एक व्यक्ती मतदानाच्या हक्कासह घ्या.
- एखादं विद्यापीठ बाहेर पडलं तर किमान सहा महिन्यांची पूर्वसूचना, आणि त्या काळात सगळ्या प्रती दुसऱ्याकडे सोपवण्याची जबाबदारी.
- निधी देणाऱ्याला प्रकाशनाआधी मजकूर पाहायला 30 दिवस, तेही फक्त तथ्यांच्या चुका दाखवण्यासाठी. छापू नका म्हणण्याचा हक्क नाही.

बाहेर पडण्याचं कलम कागदापुरतं आहे असं वाटत असेल, तर सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीचं उदाहरण पाहा. हंगेरीने 2017 मध्ये उच्च शिक्षण कायद्यात दुरुस्ती केली आणि 2019 पासून या विद्यापीठाला आपले अमेरिकन मान्यतेचे अभ्यासक्रम बुडापेस्टहून व्हिएन्नाला हलवावे लागले. ती दुरुस्ती युरोपीय कायद्याशी विसंगत असल्याचा निकाल युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये दिला. निकाल बाजूने लागला खरा, पण तोवर वर्ग व्हिएन्नात भरत होते. न्यायालयाच्या वेगावर संग्रहाची सुरक्षितता सोपवता येत नाही.

शैक्षणिक स्वातंत्र्याचं कलम मोघम लिहू नका. युनेस्कोची उच्च शिक्षणातील अध्यापकांबाबतची 1997 ची शिफारस हाताशी ठेवा. शिकवण्याचं आणि चर्चेचं स्वातंत्र्य, संशोधन करून निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचं स्वातंत्र्य, स्वतःच्या संस्थेबद्दल मत मांडण्याचं स्वातंत्र्य आणि संस्थात्मक सेन्सॉरशिपपासून मुक्ती, हे सगळं तिथे सुटंसुटं मांडलेलं आहे. ती बंधनकारक नाही. पण करारात तिचा उल्लेख केला की दोन्ही बाजू त्या व्याख्येला बांधल्या जातात. बोलोन्यात 1988 मध्ये सह्या झालेला मॅग्ना कार्टा युनिव्हर्सिटाटम (विद्यापीठांची सनद) आणि त्याची 2020 ची नवी आवृत्ती विद्यापीठाच्या स्वायत्ततेबद्दल बोलते. प्रशासनाशी वाद झाला तर तीही कामाला येते.

इथे एक गल्लत नेहमी होते. संशोधकाचं स्वातंत्र्य म्हणजे सांगणाऱ्याच्या शब्दांवरचा हक्क नव्हे. सरकारने छापू नका म्हटलं तर तो दबाव. सांगणाऱ्या बाईने छापू नका म्हटलं तर तो तिचा अधिकार. करारात ही दोन कलमं वेगवेगळी ठेवा, नाहीतर एकाचा आधार घेऊन दुसरं मोडलं जातं.

गुप्ततेचं वचन

अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजचा बेलफास्ट प्रकल्प या क्षेत्रातल्या प्रत्येकाने अभ्यासावा. उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती 2001 ते 2006 या काळात घेतल्या गेल्या. मृत्यूपर्यंत त्या बंद राहतील, असं त्यांना सांगितलं होतं. ब्रिटिश यंत्रणांच्या विनंतीवरून 2011 मध्ये अमेरिकेत समन्स निघालं. दोन देशांमधल्या परस्पर कायदेशीर साहाय्याच्या कराराने ते शक्य झालं. शेवटी अपील न्यायालयाने 2013 मध्ये द्यायच्या मुलाखतींची संख्या 85 वरून 11 वर आणली. पण घाव बसायचा तो बसला. घोळ एका वाक्याचा होता: ‘अमेरिकन कायदा परवानगी देईल तेवढ्या मर्यादेत’ ही अट विद्यापीठ आणि प्रकल्प संचालक यांच्यातल्या करारात होती, पण मुलाखत देणाऱ्यांनी सही केलेल्या कागदावर नव्हती.

म्हणून संमतीपत्रात स्पष्ट लिहा: ‘न्यायालयाचा आदेश आला तर आम्ही त्याला आव्हान देण्याचा प्रयत्न करू, पण रेकॉर्डिंग द्यावं लागण्याची शक्यता आहे.’ हे वाचून काही जण मुलाखत नाकारतील. नाकारू द्या. ज्या माहितीचं रक्षण करता येणार नाही ती गोळाच करायची नाही. मुलाखतीत गुन्ह्याचा तपशील किंवा जिवंत माणसाला अडकवणारं नाव येऊ लागलं, तर मुलाखतकाराने तिथेच थांबवून रेकॉर्डर बंद करायचा आणि पुढे जायचं की नाही हे विचारायचं.

ज्यांचा आश्रयाचा अर्ज अजून निकालात निघालेला नाही, त्यांचा प्रवासाचा मार्ग, तारखा आणि कागदपत्रं याबद्दल मुळीच रेकॉर्ड करू नका. अर्जात एक तारीख आणि रेकॉर्डिंगमध्ये दुसरी आली, तर माणूस खोटं बोलतोय असा अर्थ काढला जाऊ शकतो. तीन वर्षांपूर्वीची तारीख दोनदा सारखीच सांगणं कुणालाही जड जातं, हे तिथे कुणी ऐकून घेईलच असं नाही.

संमतीपत्र

संमती दोन टप्प्यांत घ्या. पहिली रेकॉर्डिंगपूर्वी, फक्त ‘रेकॉर्ड करायला हरकत नाही’ एवढीच. दुसरी त्या व्यक्तीने रेकॉर्डिंग ऐकल्यावर किंवा शब्दांकन वाचल्यावर. मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. चहापाण्याच्या ओघात केलेली सही नंतर टोचते.

दुसऱ्या टप्प्यात चार पर्याय द्या: सर्वांना खुली, फक्त ग्रंथालयात बसून ऐकण्यासाठी, अमुक तारखेपर्यंत बंद, किंवा परत घेतली. फॉर्म सांगणाऱ्याच्या भाषेत हवा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा आणि तोंडी होकार रेकॉर्ड करा. इंटरनेटवर गेलेली फाइल पूर्णपणे परत घेता येत नाही, हेही लिहा.

तिसऱ्या माणसाचं भान ठेवा. सांगणारा सुरक्षित देशात असतो, पण त्याचा भाऊ मागे राहिलेला असतो. नातेवाइकांची नावं, गावातलं घर, नोकरीचं ठिकाण या सगळ्यांवर शब्दांकनात खुणा करून ती खुल्या प्रतीतून काढा; आवाजातही तेवढा भाग मूक करा. टोपणनाव आणि खरं नाव यांची जोडी वेगळ्या, कूटबद्ध फाइलमध्ये ठेवा. ती फाइल दोघांपेक्षा जास्त लोकांच्या हाती देऊ नका.

मुलाखत

‘तुम्ही देश का सोडला?’ हा पहिला प्रश्न नको. हा प्रश्न त्या माणसाला अधिकाऱ्यांनी अनेकदा विचारलेला असतो आणि त्याचं ठरलेलं उत्तर तयार असतं. घराच्या दारापासून सुरुवात करा: दार कुठल्या दिशेला, आत शिरल्यावर आधी काय दिसायचं, चूल कुठे, पाणी कुठून यायचं. अर्ध्या तासात अशा गोष्टी येतात ज्या कुठल्याही अर्जात नसतात.

वस्तू समोर ठेवून बोला. जुना फोटो असेल तर मागची बाजूही पाहा. तिथे स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, कुणाच्या तरी हस्ताक्षरातली दोन नावं आणि अल्बममधून उपसून काढताना राहिलेला डिंकाचा डाग असतो. त्यावरून फोटो कुठे काढला आणि किती हातांतून गेला ते कळतं. म्हणून दोन्ही बाजू स्कॅन करा, 600 डीपीआयला, टिफ स्वरूपात. कडा कापू नका आणि वस्तू ठेवून घेऊ नका. स्कॅन करून त्याच दिवशी परत द्या.

दुभाषा निवडताना त्याची भाषा तपासून भागत नाही. सांगणारा ज्या गटाला घाबरून पळाला त्याच गटातला दुभाषा मिळाला, तर मुलाखत तिथेच संपते. नात्यातला मुलगा किंवा मुलगीही नको. आईबाप त्यांच्यासमोर बऱ्याच गोष्टी गाळतात. एक बैठक 90 मिनिटांपेक्षा लांबवू नका.

तांत्रिक बाजू सोपी आहे. वेव्ह फाइल, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. एका चॅनेलला तासाला साधारण 520 एमबी लागतात. आवाजाची कमाल पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. फ्रिज आणि पंखा बंद करा. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि भाषा बोलून नोंदवा, पण ज्याचं नाव लपवायचं आहे त्याचं नाव इथे घेऊ नका. ही चूक फार होते, आणि पुढे फाइल कापत बसावं लागतं.

शब्दांकन आणि नोंदी

एका तासाच्या मुलाखतीच्या शब्दांकनाला सहा ते आठ तास धरा. तयारी, तपासणी, भाषांतर आणि नोंदी मिळून 30 ते 40 तास. अंदाजपत्रकात हाच खर्च विसरला जातो, आणि मग न ऐकलेल्या फायलींचा ढीग साठतो. मुलाखती कमी घ्या, पण घेतलेल्या तडीस न्या.

शब्दांकन मूळ भाषेत करा, बोलीची दुरुस्ती न करता. भाषांतराची फाइल वेगळी ठेवा. ठिकाणांची नावं सांगणाऱ्याने घेतली तशीच लिहा आणि शेजारी आजचं नाव द्या. लेंबर्ग, ल्वूफ आणि ल्विव्ह ही एकाच शहराची नावं आहेत. फक्त एकच ठेवलं तर दुसऱ्या नावाने शोधणाऱ्याला मुलाखत सापडणारच नाही. मेटाडेटासाठी (फाइलबद्दलच्या नोंदींसाठी) डब्लिन कोअर या प्रमाणित आराखड्याचे 15 घटक पुरतात, भाषेसाठी आयएसओ 639-3 या मानकातले भाषांचे संकेत वापरा.

जपणूक

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. प्रत्येक फाइलची एसएचए-256 बेरीज (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा) पहिल्याच दिवशी काढून नोंदवा आणि वर्षातून एकदा तपासा. प्रत जिथे ठेवाल तिथला कायदा तिला लागू होतो, म्हणून बंद मुलाखतींची दुसऱ्या देशातली प्रत वकिलाला विचारल्याशिवाय ठेवू नका. युरोपीय संघातल्या भागीदारासोबत काम असेल तर 25 मे 2018 पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा पाळावा लागतो. वंश, धर्म, राजकीय मत आणि आरोग्य ही माहिती तिथे विशेष गटात मोडते, आणि स्थलांतराच्या कहाणीत या चारही गोष्टी असतातच.

मूळ संग्रह समाजाकडेच ठेवून विद्यापीठाने फक्त डिजिटल प्रत सांभाळायची, हीही एक पद्धत आहे. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने ग्वातेमालाच्या राष्ट्रीय पोलीस अभिलेखागाराबरोबर असंच काम केलं: कागद तिथेच राहिले आणि 2011 पासून डिजिटल प्रती खुल्या झाल्या. वारसा उचलून नेल्याचा आरोप यात येत नाही. लहान समाजासोबत काम करणाऱ्यांनी आधी याच पद्धतीचा विचार करावा.

आश्रयाला आलेले संशोधक

अशा प्रकल्पात बहुतेक वेळा देश सोडून आलेला एखादा प्राध्यापकही असतो. 1933 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलने देश सोडावा लागलेल्या विद्वानांसाठी ‘युनिव्हर्सिटी इन एक्झाइल’ सुरू केलं आणि ब्रिटनमध्ये त्याच वर्षी अशांनाच मदत करणारी, आज ‘कारा’ म्हणून ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. 1999 पासून ‘स्कॉलर्स अॅट रिस्क’ हे धोक्यातल्या संशोधकांसाठीचं जाळंही आहे. यजमान विद्यापीठाने सुरुवातीलाच अशा संस्थांशी बोलावं. व्हिसाच्या कागदांची त्यांना सवय असते.

नेमणूक किमान 12 महिन्यांची, शक्यतो दोन वर्षांची करा. तीन महिन्यांच्या पाहुणेपदात माणूस घर आणि बँक खातं यातच अडकतो. विचारल्याशिवाय नाव आणि फोटो संकेतस्थळावर टाकू नका. मागे कुटुंब असतं. लेखावर टोपणनाव हवं असेल तर ती सोय आधीच संपादकांशी बोलून ठेवा. आणि त्याला प्रकल्पाचा फुकटचा दुभाषा करू नका. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला रसायनशास्त्राची प्रयोगशाळा द्या. आठवणी सांगायच्या की नाही, ते तो ठरवेल.

प्रदर्शन भरवायचं असेल तर दूतावासाला निमंत्रण द्यायचं की नाही, हे सांगणाऱ्यांना विचारून ठरवा. खुल्या केलेल्या प्रत्येक मुलाखतीची एक प्रत महिन्याभरात त्या व्यक्तीच्या घरी पोचवा. बंद मुलाखतींच्या तारखांची यादी समितीच्या सचिवाकडे ठेवा, दुसरी प्रत ग्रंथपालाकडे, आणि दर जानेवारीत त्या वर्षी कुठल्या मुदती संपणार ते पाहा. मुदत संपलेली मुलाखत खुली करण्याआधी त्या व्यक्तीला किंवा तिच्या वारसाला पत्र पाठवा आणि उत्तरासाठी 60 दिवस थांबा.