विद्यार्थ्यांसाठी वर्ड-एक्सेल: पैसे भरण्याआधी काय तपासाल?

माझ्या भाचीने पहिल्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी वर्षभराचे पूर्ण पैसे भरून वर्ड-एक्सेल घेतलं. तीन महिन्यांनी कळलं की, कॉलेजने दिलेल्या ईमेल आयडीवर तेच काम फुकट झालं असतं. मुंबईत घरभाडं, लोकलचा पास, फी यात आधीच ओढाताण असते, म्हणून हे नीट लिहितोय.

सगळ्यात आधी कॉलेजचा ईमेल मिळवा. जीमेल चालत नाही. पत्त्याच्या शेवटी बहुधा 'एसी डॉट इन' किंवा 'ईडीयू डॉट इन' असतं. मिळाला नसेल तर कॉम्प्युटर लॅबमध्ये विचारा. मग मायक्रोसॉफ्टच्या शिक्षणविषयक पानावर तो टाका. कॉलेजची तिथे नोंद असेल, तर वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट ब्राउझरमध्ये विनामूल्य उघडतात. लॅपटॉपवर इन्स्टॉल करायची मुभा मात्र कॉलेजने वरच्या दर्जाची योजना घेतली असेल तरच.

नोंद नसेल, तर 'मायक्रोसॉफ्ट ३६५ पर्सनल', म्हणजे एका व्यक्तीसाठीची वर्ड-एक्सेलची पैसे भरून घ्यायची योजना, तिच्यावरची विद्यार्थी सवलत बघा. ती मान्यताप्राप्त कॉलेज-विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी असते. खासगी क्लासचं ओळखपत्र दाखवून उपयोग नाही. पुरावा मागितला तर चालू वर्षाचं ओळखपत्र, फीची पावती किंवा बोनाफाईड तयार ठेवा. इथेच अनेकांचं अडतं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी, तर ऑनलाइन खात्यात नुसतं नाव-आडनाव. म्हणून अर्जात कागदावरचंच स्पेलिंग लिहा. फोटो असा काढा की, नाव, कॉलेज आणि वर्ष तिन्ही स्पष्ट वाचता येतील.

पैसे भरताना 'ऑटो-रिन्यूअल' बघा. सवलत संपल्यावर पूर्ण किमतीने पैसे कापले जाऊ शकतात. घरात भावंडंही शिकत असतील, तर सहा जणांत वाटता येणाऱ्या फॅमिली योजनेचा हिशेबही एकदा मांडा.

लॅमिंग्टन रोडवरून नवा लॅपटॉप घेणार असाल, तर दुकानदाराला आधी विचारा, 'ऑफिस' म्हणजे वर्ड-एक्सेलचा संच सोबत येतोय का. काही मॉडेलवर तो कायमचा मिळतो. साधे निबंध आणि तक्ते करायचे असतील तर लिबरऑफिस पूर्ण मोफत आहे, त्याला कसलाही पुरावा लागत नाही.

आणि शेवटच्या सेमिस्टरलाच वनड्राइव्हवरच्या, म्हणजे कॉलेजच्या खात्यात ऑनलाइन साठवलेल्या, फाइल स्वतःच्या खात्यात हलवा. कॉलेजचा आयडी बंद झाला की प्रोजेक्टही त्याच्यासोबत जातो.