कल्पित उडते यंत्र कागदावर कसे उभे करावे : वॅनशिपच्या आधाराने काही पद्धती

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, पाहून स्वतःचे उडते यंत्र रेखाटायला बसणारे बहुतेक जण बाहेरच्या आकारापासून सुरुवात करतात. आधी टोकदार नाक येते, मग पंख, मग नळकांडी, आणि शेवटी त्यात माणूस कुठे बसणार याचा विचार होतो. माझे मत असे आहे की हा क्रम उलटा असला पाहिजे. यंत्र हवेत कशाच्या जोरावर राहते आणि त्यात बसलेल्या माणसाला नेमके काय काम आहे, या दोन गोष्टी आधी ठरल्या की आकार त्यांच्यामागून येतो.

ही पद्धत शिकण्यासाठी 'लास्ट एक्झाइल' ही ॲनिमे मालिका मला सर्वांत उपयोगी वाटते. गोंझो या स्टुडिओने २००३ मध्ये केलेल्या या २६ भागांच्या मालिकेचे दिग्दर्शन कोइची चिगिरा यांचे असून पात्ररेखाटन रेंज मुराता यांचे आहे. प्रेस्टर नावाच्या जगात अनातोरे आणि डिसिथ या दोन देशांत युद्ध चालू आहे, आणि क्लाउस वाल्का व लॅव्ही हेड हे दोघे किशोरवयीन सोबती वडिलांच्या मागे राहिलेल्या वॅनशिपमधून टपाल पोहोचवून पोट भरत आहेत. वॅनशिप हे दोन आसनांचे लहान, उघडे यंत्र आहे. त्याला नाकावर पंखा नाही आणि भार पेलतील असे मोठे पंखही नाहीत. तरीही ते खोटे वाटत नाही, आणि ते का वाटत नाही हे शोधण्यातच आपले निम्मे शिक्षण होते.

पहिले कारण असे की या यंत्रात खोटी गोष्ट एकच आहे. क्लॉडिया नावाचे कल्पित खनिज द्रवात विरघळवून नळ्यांतून फिरवले की त्यातून उचल आणि वेग मिळतो, एवढे प्रेक्षकाने मान्य करायचे. बाकी सर्व, म्हणजे दाब, उष्णता, गळती, वजन, वारा, हे आपल्या ओळखीच्या जगातले आहे. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आपल्या यंत्रातील एकमेव खोटी गोष्ट एका वाक्यात लिहावी, आणि तिच्याखाली ती कुठे साठवतात, कशाने सुरू होते, काय झाले की बंद पडते आणि ती कोणाच्या ताब्यात आहे, या चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत. चौथा प्रश्न अनेक जण सोडून देतात, पण गोष्ट तिथेच जन्म घेते. या मालिकेत दोन्ही देशांच्या युद्धनौकांची उड्डाणयंत्रे गिल्ड नावाच्या सत्तेकडून आलेली असतात आणि गिल्डने ती काढून घेतली की नौका आकाशात टिकू शकत नाही. म्हणूनच गिल्डच्या ताब्यात नसलेली सिल्वाना ही नौका सर्वांना धाक वाटण्याजोगी ठरते.

दुसरे पान माणसांसाठी ठेवावे. वॅनशिपमध्ये पुढे चालक आणि मागे दिशादर्शक बसतो, आणि दोघांची कामे एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे उड्डाण चालू असतानाही संवादाला कारण मिळते. आलेख कागदावर एका चौकटीला दहा सेंटिमीटर असे प्रमाण धरून बसलेला माणूस बाजूने आणि समोरून काढावा: बैठकीपासून डोक्यापर्यंत साधारण नऊ चौकटी आणि खांद्यांची रुंदी साधारण पाच चौकटी. मग हात जिथे सहज पोहोचतो तिथे दांडा, नजर जिथे सहज जाते तिथे दाबमापक, आणि पाय जिथे टेकतात तिथे पायटे दाखवावेत. यंत्राची बाह्यरेषा या माणसांभोवती ओढावी. अगोदर ओढलेल्या रेषेत माणूस कोंबू नये.

यापुढची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून ती सविस्तर सांगतो. उचल कोणत्याही जादूने मिळत असली तरी ती यंत्राच्या गुरुत्वमध्यातून वर गेली पाहिजे, नाहीतर नाक किंवा शेपूट खाली जाणारच. हे तपासायला गणित लागत नाही. बाजूच्या चित्राची आकृती पुठ्ठ्यातून कापावी आणि जड भागांच्या जागी नाणी चिकटवावीत. यंत्रासाठी पाच रुपयांची दोन, तर प्रत्येक माणसासाठी रुपयाचे एक. मग काठाजवळ टाचणी खुपसून पुठ्ठा मोकळा लोंबू द्यावा, त्याच टाचणीला दोरा आणि नट बांधून केलेला ओळंबा सोडावा आणि दोऱ्याच्या मागे पेन्सिलीने रेघ मारावी. दुसऱ्या काठावरून हेच पुन्हा करावे. दोन रेघा जिथे छेदतात तिथे गुरुत्वमध्य. माझ्या पहिल्या टपालयंत्राच्या बाबतीत हा बिंदू चालकाच्या गुडघ्यांपाशी आला, तर उचल देणारी टाकी मी दिशादर्शकाच्या पाठीमागे काढली होती. टाकी पुढे, दोन आसनांच्या मध्ये घ्यावी लागली, दोघांमध्ये अंतर पडले आणि बोलण्यासाठी एक नळी टाकावी लागली. ती नळी आज त्या यंत्राची ओळख झाली आहे, आणि ती मला नुसत्या चित्रातून कधीच सुचली नसती.

वळण्याची रीतही याच टप्प्यावर ठरवावी. मोठे पंख नसलेले यंत्र कलते कसे, झोताची दिशा बदलून की लहान झडपांसारखे पडदे (फ्लॅप) हलवून, हे एकदा ठरले की प्रत्येक चित्रात तेच पाळावे.

पत्र्याकडे वळताना खऱ्या विमानांचा अभ्यास करावा. वॅनशिपच्या घडणीवर दोन महायुद्धांमधल्या काळातील जर्मन यंत्रांची छाया आहे, आणि त्या काळातील युंकर्स कंपनीची विमाने पाहण्यासारखी आहेत. १९१९ मध्ये उडालेल्या त्यांच्या एफ १३ या पूर्ण धातूच्या प्रवासी विमानाला ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पन्हळी पत्रा होता, कारण पातळ पत्र्याला पन्हळी पाडल्या की वजन न वाढवता ताठपणा येतो. त्या पन्हळी पुढून मागे, हवेच्या ओघाच्या दिशेने जातात. आपल्या चित्रात त्या आडव्यातिडव्या काढल्या तर ज्याने अशी विमाने निरखून पाहिली आहेत त्याला चूक लगेच जाणवेल. रिव्हेटांच्या ओळीही याच न्यायाने पत्र्याच्या सांध्यांवरच याव्यात.

रंग देताना झीज सर्वत्र सारखी पसरवू नये. चढताना बूट टेकतो तिथला रंग जातो, झाकणाच्या कडीभोवती बोटांचा काळपट डाग पडतो, आणि नळीच्या जोडाखाली ओघळ सुकून राहतो. तो ओघळही यंत्र जमिनीवर उभे असताना सरळ खाली, तर उडताना मागच्या बाजूला जातो, याचे भान ठेवावे.

एवढे झाल्यावर पहिले पूर्ण चित्र उड्डाणाचे न काढता दुरुस्तीचे काढावे. यंत्र जमिनीवर आहे, झाकण उघडे आहे, आणि दोघांपैकी एक जण कोपरापर्यंत हात आत घालून जोड घट्ट करत आहे. हात आत जाण्यापुरती जागा चित्रात सापडली नाही, तर आलेख कागदाकडे परत जाऊन झाकण मोठे करावे.