चादरीचा ग्राफ स्क्रीनवर: पायथॉनमध्ये चौकोनावरचा क्लिक कसा पकडावा

सोलापुरी चादरीवरचा मोर जकार्डवर (धागे उचलून नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) चढण्याआधी चौकटीच्या कागदावर उतरतो. भरलेलं घर म्हणजे तिथे उभा धागा उचलायचा, रिकामं म्हणजे नाही. हाच कागद पायथॉनच्या टीकेइंटर या खिडक्या-बटनं बनवायच्या लायब्ररीत बनवता येतो.

१. ६०० बाय ६०० पिक्सेलचा कॅनव्हास (चित्र काढायची जागा) घ्या. १५ पिक्सेलचं एक घर धरलं तर ४० ओळी, ४० रकाने, एकूण १६०० घरं. कॅनव्हासची ‘हायलाइटथिकनेस’ शून्य ठेवा, नाहीतर कडेची पट्टी पहिल्या ओळीवर बसते.

२. ‘क्रिएट_रेक्टँगल’ने घरं काढा आणि सगळ्यांना ‘घर’ हा एकच टॅग (नावाची खूण) द्या. ‘फिल’ (आतला रंग) पांढरा असं स्पष्ट लिहा. तो रिकामा सोडला की आतून कॅनव्हासचाच रंग दिसतो, पण क्लिक फक्त रेषेवर लागतो. नवशिके सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

३. ‘टॅग_बाइंड’ने ‘घर’ला ‘बटन-१’ (माउसचं डावं बटन) आणि आपलं फंक्शन जोडा. फंक्शनचं नुसतं नाव द्या. पुढे कंस टाकलात तर ते क्लिकची वाट न पाहता लगेच चालतं. फंक्शनमध्ये ‘फाइंड_विथटॅग’ला ‘करंट’ विचारलं की माउसखालचं घर मिळतं. ‘आयटमकॉन्फिगर’ने त्याचा रंग बदला. लूपमध्ये प्रत्येक घराला वेगळा, असे १६०० लॅम्डा (बिननावाची छोटी फंक्शनं) लिहू नका: त्या सगळ्या लूप संपतानाचा आकडा वाचतात आणि कुठेही क्लिक केलं तरी शेवटचंच घर रंगतं.

४. बटन दाबून ओढत रंगवायचं असेल तर वरची युक्ती चालत नाही. बटन दाबलेलं असेपर्यंत ‘करंट’ पहिल्याच घराला चिकटून राहतो. म्हणून ‘बी१-मोशन’ (डावं बटन दाबून माउस हलवणं) थेट कॅनव्हासला ‘बाइंड’ करा आणि घर गणिताने काढा: इव्हेंटच्या एक्सला १५ ने पूर्णांक भागाकार म्हणजे रकाना, वायला तसाच म्हणजे ओळ. स्क्रोलबार असल्यास आधी ‘कॅनव्हासएक्स’, ‘कॅनव्हासवाय’मधून आकडे काढून घ्या.

हात जोरात फिरला की मधली घरं सुटतात, कारण माउस प्रत्येक पिक्सेलची वर्दी देत नाही. मागचं आणि आताचं घर लक्षात ठेवून त्यांच्यामधली रेघ भरा. मोराच्या मानेचं वळण एरवी तुटकच येईल.

ओढताना माउस डाव्या कडेबाहेर गेला तर रकाना उणे १ येतो. घरं यादीत (लिस्टमध्ये) ठेवली असतील तर पायथॉनमध्ये उणे १ म्हणजे शेवटचा, त्यामुळे डावीकडे चूक होते आणि रंगतं उजवं टोक! ० ते ३९ बाहेरचा आकडा आला की फंक्शनमधून सरळ परत फिरा.