‘मॅडम, तो बी म्याच मारला’

नागपुरात क्रिमिनल साइडला नव्याने उतरलेल्या, खासकरून विधी सेवेकडून जेलच्या केसेस घेणाऱ्या ज्युनिअरसाठी हे लिहिते आहे. वकालतनामा, जामीन, तारखा हे तुम्हाला येतंच. मी ज्या एका गोष्टीत पुरती फसले, तेवढीच सांगायची आहे. वर्धा रोडवरून जाताना जेलची भिंत दिसली की अजून पोटात गोळा येतो.

जन्मठेपेचा बंदी, नऊ वर्षं झालेली. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. अपिलाच्या कामासाठी गेले होते. उठता उठता तो म्हणाला, ‘मॅडम, काटोलकडचा एक जुना मर्डर हाय. तो बी म्याच मारला. मले साहेबांना सांगाचं हाय.’

मी हलले. मला वाटलं पश्चात्ताप झालाय. नव्या माणसाला पहिल्यांदा तेच वाटतं. पश्चात्तापाने बोलणारे असतात, नाही असं नाही. पण एकदा शिक्षा लागली की बोलण्याची कारणं वेगळी होतात. जन्मठेप भोगणाऱ्याला दुसरी जन्मठेप लागली तर ती सोबतच चालते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६७ मध्ये तसं आहे. बराकीत हे सगळ्यांना पाठ असतं. त्यातून ‘आता गमवायचं काय’ अशी समजूत होते आणि ती धोक्याची आहे. नवा खून सिद्ध झाला तर मुदतपूर्व सुटकेवर परिणाम होतो, फाशीची मागणीही होऊ शकते. हे त्याला आधी समजावणं माझं काम होतं. मी केलं नाही. सिनिअर बाहेरगावी होते, त्यांना फोनही न करता मी त्याचा अर्ज लिहून दिला आणि तो अधीक्षकांमार्फत गेला.

आता खरी चूक. नीट वाचा.

पहिल्या भेटीत तो एवढंच बोलला होता की मारला. त्या प्रकरणाची जुनी बातमी मी वाचलेली होती. मीच विचारलं, ‘संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत टाकलं का? डोक्यावर मार होता ना?’ त्याने मान हलवली. आठवड्याने गेले तर तो आपणहून विहीर सांगतोय, बाग सांगतोय, डोक्याचा मार सांगतोय. मी डायरीत लिहिलं, ‘फक्त आरोपीलाच माहीत असेल असे तपशील.’ ती पानं आजही माझ्याकडे आहेत. डाव्या पानावर निळ्या शाईत माझा प्रश्न, उजव्या पानावर त्याचं उत्तर, शब्द तेच. मीच दिलेलं मला परत मिळालं आणि मी त्याला पुरावा समजले.

म्हणून सांगते, ‘विहिरीत टाकलं का’ असं विचारूच नका. ‘पुढे काय झालं’ एवढं विचारा आणि गप्प बसा. तो दोन मिनिटं गप्प राहिला तर तुम्हीही राहा. आपण काय विचारलं तेही शब्दशः लिहा. नुसती उत्तरं लिहिली तर ते तपशील कोणाच्या तोंडून आले हे नंतर कळत नाही. हे जमत नसेल तर जेलची कामं घेऊ नका.

तपासवाले आले, त्याच्याशी बोलले. मृताच्या भावालाही बोलावलं. तो मजुरीचा खाडा करून एसटीने आला, प्लास्टिकच्या पिशवीत पीएम रिपोर्टची घडी पडून फाटलेली झेरॉक्स घेऊन. चार दिवसांनी अमरावती जेलचं रजिस्टर निघालं. खुनाच्या रात्री आमचा माणूस चोरीच्या केसमध्ये तिथेच आत होता. भावाला परत पाठवलं. त्याची माफी मागायला मी दोन वेळा निघाले आणि दोन्ही वेळा बसस्टँडवरून परत आले.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत हेन्री ली लुकासने शेकडो खून कबूल केले. एका खुनात त्याला फाशीही लागली. पण त्या काळात तो दूर फ्लोरिडात कामावर असल्याच्या नोंदी होत्या, म्हणून १९९८ मध्ये ती जन्मठेपेवर आली. उलट सॅम्युअल लिटल. जन्मठेप भोगत असताना २०१८ मध्ये तो टेक्ससच्या एका अधिकाऱ्याजवळ बोलू लागला, त्याला जेल बदलून हवं होतं. त्याने ९३ खून सांगितले आणि २०१९ पर्यंत एफबीआयने त्यातले ५० पडताळून खरे धरले. स्वार्थ दोघांचाही होता. म्हणजे स्वार्थ दिसला म्हणून कबुली खोटी ठरत नाही, आणि तपशील जुळले म्हणून खरीही ठरत नाही. त्या दिवशी तो माणूस होता कुठे, हे आधी काढा.

आपल्याकडे पोलिसांसमोरच्या कबुलीवर शिक्षा होत नाही. पूर्वी पुरावा कायद्याची कलमं २५ ते २७ होती, १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. कबुलीच्या आधारे नवीन काही सापडलं, हत्यार किंवा प्रेत, तरच तेवढा भाग चालतो. आमच्या प्रकरणात प्रेत आधीच मिळालेलं होतं. मग या कबुलीतून नवीन काय सापडणार, हा प्रश्न मला सुचायला हवा होता. क्लासच्या नोट्समधून जुन्या-नव्या कलमांचे आकडे जुळवून पाठ करणाऱ्यांना तो सुचत नाही, मलाही सुचला नाही. चेंबरमध्ये बसून ड्राफ्ट तपासणाऱ्या सिनिअरपेक्षा रोज न्यायमंदिरात, म्हणजे जिल्हा कोर्टात, उलटतपास घेणाऱ्याकडे राहा, पैसे कमी मिळाले तरी.

आणि घाबरू नका. पहिल्या दोन वर्षांत अशी चूक झाली म्हणून वकिली संपत नाही. माझे सिनिअर ओरडले नाहीत. डायरी मागितली, दोन्ही पानं समोर ठेवली आणि मला मोठ्याने वाचायला लावली.

नंतर मी त्याला भेटले. खोटं का बोललास, असं विचारलं नाही, पुढे काय झालं तेवढंच विचारलं. बराच वेळ तो गप्प होता. त्याची आई काटोलजवळच्या खेड्यात, गुडघे गेलेले, नागपूरच्या मुलाकातीला येणं होत नव्हतं. एकदा रजेवरून उशिरा परतल्यामुळे त्याची संचित रजा (फर्लो) अडकली होती. केस उघडली तर पेशी काटोलला लागेल आणि कोर्टाच्या आवारात म्हातारी दिसेल, एवढा त्याचा हिशोब. ‘म्हंजे आता काटोलची तारीख नाई लागत का?’ त्याने विचारलं.

त्याच आठवड्यात मी त्याच्या रजेचा नामंजुरीचा आदेश मागवला आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट टाकायची तयारी सुरू केली.