देवराईसाठी निधी जमवताय? या चुका टाळा

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी आदिवासींच्या देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, राखायला तरुण मंडळे पुढे येतात, याचा आनंद आहे. चुका मात्र त्याच त्या होतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पैसा आधी गोळा करायचा आणि काम मागाहून ठरवायचे. एका वाडीत व्हॉट्सॲपवर आवाहन गेले आणि मुंबईच्या एका देणगीदाराने मोठी रक्कम कबूल केली. अट एकच, स्लॅबचे देऊळ आणि दारावर वडिलांच्या नावाची पाटी. देवी म्हणजे झाडाखालचा शेंदूर लावलेला तांदळा, बिनघडणीचा दगड. म्हाताऱ्या बायका सांगत होत्या, आईला छप्पर चालत नाही. कोणी ऐकले नाही. वाळूचा ट्रक आत यावा म्हणून जांभळी, हिरडे तोडले. पैसे जोत्यापर्यंतच पुरले, आणि उरलेल्या कामासाठी राईतलीच झाडे विकायची चर्चा सुरू झाली. जीर्णोद्धारापायी राई जाते ती अशी. आज तिथे उघडे जोते आहे आणि देवीवर भर दुपारी ऊन येते.

म्हणून ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय मी पावती पुस्तक छापू देत नाही. ठरावात आधी कशाला हात लावायचा नाही ते लिहायचे, तेही भगत आणि जुन्या बायकांना विचारून. परंपरा जपण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिला आहे, तो वापरा. यात दोन-तीन महिने जातात. जाऊ द्या. ज्याला तेवढा धीर नाही, त्याने देवराईच्या कामात पडू नये.

क्यूआर कोड कुणा एकाच्या खात्याचा नको. खाते दोन सह्यांचे असावे, एक सही वाडीतल्या बाईची. हिशोब महिन्याला फळ्यावर लिहा.

खासदार निधीमागे धावू नका, धार्मिक स्थळाच्या आवारात तो चालत नाही. कंपनीच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीत, वारसा जतन बसते, पण राबवणाऱ्या संस्थेची केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेला भाऊबंद कितीही जवळचा असो, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय मंडळाने त्याची देणगी घेऊ नये.

आणि पहिला खर्च कमानीवर करू नका. वणव्याचे दिवस येण्याआधी राईभोवती जाळरेषा, म्हणजे आग आत येऊ नये म्हणून गवत-पाचोळा काढलेला पट्टा, काढा आणि ती मजुरी वाडीतल्याच माणसांना द्या.